अनुभव धागा : प्रवेशाच्या उंबरठ्यावरची मुले आणि आपण माजी विद्यार्थी

बारावीचा निकाल आणि सीईटीचे पर्सेंटाइल हाती आले की घराघरांत एकच शोध सुरू होतो : त्या कॉलेजात शिकलेले ओळखीचे कुणी आहे का? माजी विद्यार्थ्यांचा विषय निघाला की आपण मात्र बहुधा देणग्यांविषयी बोलतो. इन्फोसिसचे सहसंस्थापक नंदन निलेकणी यांनी आयआयटी मुंबईतील आपल्या प्रवेशाला 50 वर्षे झाल्यानिमित्त 2023 मध्ये संस्थेला 315 कोटी रुपये दिले, हे सर्वांना ठाऊक असते. महाविद्यालयांचा दर्जा ठरवणाऱ्या नॅकच्या मूल्यांकनातही माजी विद्यार्थ्यांच्या योगदानाचा स्वतंत्र विचार होतो. ते मोलाचे आहेच. पण अजून प्रवेशही न घेतलेल्या मुलामुलींशी माजी विद्यार्थी कसे बोलतात, त्यांना काय सांगतात आणि त्यातून काय घडते, याची नोंद फारशी कुठे होत नाही. ती इथे व्हावी, म्हणून हे आवाहन. ज्या संस्थेविषयी तक्रार असेल तिचे नाव लिहू नये, एवढी विनंती.

स्थापत्य अभियंता, परभणी जिल्हा

माझे शिक्षण शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयात झाले. कॅपच्या, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या, फेऱ्या सुरू झाल्या की आमच्या तालुक्यातील मुले पालकांना घेऊन माझ्याकडे येतात. 'एवढ्या पर्सेंटाइलला कुठे मिळेल?' हा त्यांचा पहिला प्रश्न असतो, आणि त्याचे उत्तर गेल्या वर्षीच्या कटऑफ यादीत कुणालाही सापडते. यादी जे सांगत नाही ते मी सांगते. पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीची जागा मिळाली तर तीच पक्की होते आणि पुढच्या फेऱ्यांचा मार्ग बंद होतो. त्यामुळे 'नक्की मिळेल' असे कॉलेज भीतीपोटी वर आणि मनातले कॉलेज खाली लिहिणे फार महागात पडते. शिक्षण शुल्क माफीच्या, म्हणजे टीएफडब्ल्यूएसच्या, जागा मंजूर प्रवेशक्षमतेच्या वर 5 टक्के असतात आणि त्यांचा संकेतांक वेगळा असतो. तो संकेतांक पसंतीक्रमात टाकलाच नाही, तर उत्पन्न 8 लाखांच्या आत असूनही त्या जागेचा विचार होत नाही. ही गोष्ट माहितीपुस्तिकेत छापलेली असते, पण ज्या घरात इंजिनिअर झालेले कुणीच नाही, तिथे ती पुस्तिका समजावून सांगणारे माणूस लागते.

प्लेसमेंटविषयी मी विशेष सावध करते. जाहिरातीतले सर्वोच्च पॅकेज एकाच विद्यार्थ्याचे असते आणि सरासरीही दोन-तीन मोठ्या पगारांनी फुगते. आपल्या शाखेतील किती जणांनी नोंदणी केली, किती जणांना नोकरी लागली, आणि पगार उतरत्या क्रमाने लावले तर बरोबर मधल्या मुलाला काय मिळाले, हे तीन प्रश्न विचारा, असे मी मुलांना सांगते. त्यांची उत्तरे चौथ्या वर्षातला विद्यार्थी किंवा नुकताच बाहेर पडलेला पदवीधर सर्वांत नेमकी देतो, माझ्यासारखी जुनी व्यक्ती नव्हे.

आणि इथेच माजी विद्यार्थ्यांनी एक पथ्य पाळले पाहिजे, असे मला मनापासून वाटते. आपली माहिती शिळी होते. राज्य शासनाने 2024-25 पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतील आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ केले. त्याआधी ही सवलत निम्मी होती. 'खासगी कॉलेजची फी आपल्याला झेपायची नाही' असे जुन्या माहितीवरून एखाद्या मुलीला सांगितले, तर तिचा रस्ताच बदलतो. म्हणून मी प्रत्येक उत्तराबरोबर ते कोणत्या वर्षाचे आहे हेही सांगते.

समाजकार्य पदव्युत्तर, यवतमाळ

आमच्याकडे अडचण पसंतीक्रमाच्या आधीच सुरू होते, कारण नामांकित संस्थांची नावेच गावापर्यंत पोहोचलेली नसतात. टाटा सामाजिक विज्ञान संस्था 1936 पासून आहे आणि तिचा एक परिसर थेट तुळजापुरात आहे, तरीही माझ्या पदवीच्या वर्गात ते नाव कुणी उच्चारले नव्हते. याच संस्थेत शिकलेल्या राजू केंद्रे यांनी 2017 मध्ये सुरू केलेल्या 'एकलव्य' या संस्थेने यवतमाळमधून हे चित्र बदलायला घेतले. घरातून पहिल्यांदाच पदवीपर्यंत पोहोचणाऱ्या मुलांना नामांकित विद्यापीठांच्या प्रवेशासाठी तयार करायचे, आणि त्यासाठी तिथे शिकून आलेल्यांनीच मार्गदर्शन करायचे, ही पद्धत मला फार योग्य वाटते.

मी माझ्या पातळीवर तेच करतो. अर्जासोबतचे निवेदन लिहिताना मुले पाठ केलेली भाषणे उतरवतात. शेतातली मजुरी, आश्रमशाळेतले दिवस, ग्रामसभेत पाहिलेला वाद, हे सारे 'लिहिण्यासारखे नाही' असे त्यांना वाटते. हाच अनुभव प्राध्यापकांना ऐकायचा असतो, हे तिथे मुलाखत दिलेल्या माणसाने सांगितले की त्यांचा विश्वास बसतो. इंग्रजीची भीती, वसतिगृहाचा पहिला महिना, शिष्यवृत्ती उशिरा जमा झाली तर तोवर काय करायचे, हे प्रश्न मुले कार्यालयात विचारत नाहीत. आमच्यासारख्या दादा-ताईंना विचारतात.

संगणक क्षेत्र, बॉस्टन

इथे हे काम संस्था स्वतःच माजी विद्यार्थ्यांवर सोपवतात. एमआयटीसाठी, म्हणजे इथल्या मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेसाठी, अर्ज करणाऱ्या मुलांशी बोलायला स्वयंसेवक म्हणून आम्ही जातो. मुलाचे गुण किंवा अर्ज आम्हाला दाखवला जात नाही. गप्पा मारायच्या आणि तो कसा विचार करतो याचा अहवाल पाठवायचा. निर्णय प्रवेश समितीचा असतो. भारतातील ओळखीचे लोक 'जरा शब्द टाका' म्हणतात तेव्हा हे पुन्हा पुन्हा समजवावे लागते. माजी विद्यार्थ्यांच्या अपत्यांना झुकते माप देण्याची चाल अमेरिकेतील अनेक खासगी विद्यापीठांत आहे. एमआयटीत ती नाही, आणि कॅलिफोर्नियाने तर सप्टेंबर 2025 पासून खासगी विद्यापीठांनाही तिची कायद्याने मनाई केली. त्या कायद्याचे मी स्वागत करतो. आपल्या संस्थेवरचे प्रेम पोटच्या मुलाच्या जागेत मोजले जाऊ नये.

औषधनिर्माणशास्त्र, नाशिक

प्रवेशाच्या हंगामात आमच्या कॉलेजने माजी विद्यार्थ्यांकडून दोन मिनिटांचे व्हिडिओ मागवले, आणि काय बोलायचे ते लिहूनच पाठवले. त्यात सुसज्ज प्रयोगशाळांचे वर्णन होते. आमच्या वर्षी मात्र एका उपकरणावर अर्धा वर्ग उभा असे. मी नकार दिला आणि सध्याच्या प्रयोगशाळा पाहायला बोलवा, असे कळवले. त्यांनी बोलावले नाही. दोन शिक्षक खरोखर उत्तम होते, त्यांच्याविषयी मी कुणालाही भरभरून सांगते.

निवृत्त प्राध्यापक, रत्नागिरी

माजी विद्यार्थी संघ 1860 चा संस्था नोंदणी कायदा आणि 1950 चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा यांखाली नोंदवणे सोपे असते. पत्ते आणि फोन क्रमांक ताजे ठेवणे अवघड. आम्ही निरोप समारंभातच प्रत्येकाला विचारू लागलो : पुढच्या वर्षी येऊ पाहणाऱ्या मुलांनी तुम्हाला फोन केला तर चालेल का, आणि कोणत्या वेळी? होकार देणाऱ्यांची शाखानिहाय आणि तालुकानिहाय यादी प्रवेश कक्षात असते आणि त्यांच्या संमतीनेच क्रमांक दिला जातो. मुलींसाठी माजी विद्यार्थिनींची वेगळी यादी आहे. तिचा उपयोग सर्वांत जास्त होतो, कारण रात्री वसतिगृहात परतण्याची वेळ, बसथांब्यापासूनचे अंतर आणि मेसचे जेवण यांविषयी आई आधी दुसऱ्या एखाद्या मुलीशी बोलते आणि मगच फीची चौकशी करते.