दरोड्याच्या ‘तयारीत’: तयारी, कट, प्रयत्न

पाटीपेन्सिल: ‘दरोड्याच्या तयारीत असलेली टोळी जेरबंद’ ही बातमी दर आठवड्याला कुठे ना कुठे असतेच. खाली मुद्देमालाची यादी: कोयता, कटावणी, नायलॉनची दोरी, मिरची पूड. दरोडा तर पडलाच नाही, मग गुन्हा कसला? ‘तयारी’ हा शब्द बातमीदार सैल वापरतात का?

उंबरठा: सैल नाही, कलमातलाच आहे. जुन्या भारतीय दंड संहितेत कलम ३९९, आता तिच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेत ३१०(४): दरोड्याची तयारी, दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी. दरोड्यासाठी नुसते जमलात तरी सात वर्षांपर्यंत. पण हा अपवाद, एरवी नुसती तयारी गुन्हा ठरत नाही. कुणाला मारायचं म्हणून कोयता आणलात आणि माळ्यावर टाकून दिलात, तर खुनाचं कलम लागत नाही. दरोड्याला किमान पाच माणसं लागतात. चार असतील तर ती जबरी चोरी. पाच हत्यारबंद माणसं गावात शिरेपर्यंत वाट बघणं परवडत नाही, म्हणून ही कडक तरतूद. मला ती पटते.

आडवाटा: मग ‘कट रचला’ म्हणजेही तयारीच ना?

उंबरठा: नाही. एकट्याचा असतो तो बेत. कटाला किमान दोघं हवेत. आणि गुन्हाच करायचं ठरलं असेल तर ठरवणं हाच गुन्हा, कोयता आणायचीही गरज नाही. सुपारी घेतली-दिली की कट झाला, माणूस जिवंत असला तरी. १८६० च्या मूळ दंड संहितेत असा सर्वसाधारण गुन्हा नव्हता. १२०अ आणि १२०ब ही कलमं १९१३ साली आली.
जाता जाता: फिर्यादीत ‘संगनमत करून मारहाण केली’ असं लिहितात, तो एकाच इराद्याने मिळून केलेल्या कृत्याचा, म्हणजे जुन्या संहितेतल्या कलम ३४ चा (आता ३(५)) मामला. तिथे कृत्य घडलेलं असावं लागतं. म्हणून ‘कट उधळला’ बरोबर, ‘संगनमत उधळलं’ कानाला खटकतं.

पाटीपेन्सिल: आणि ‘प्रयत्न’ कुठून सुरू होतो?

उंबरठा: खरी मारामारी तिथेच आहे. पंजाबातून दिल्लीला भात न्यायला बंदी होती, तेव्हा एक ट्रक दिल्लीच्या वाटेवरच्या समालखाच्या नाक्यावर अडवला. सुप्रीम कोर्ट म्हणालं, ही तयारीच. ड्रायव्हरचं मन बदललं असतं तर तो मागे फिरू शकला असता. उलट आपल्या वसईकडची गोष्ट बघा. १९६८ साली कामणच्या पुलाजवळ रात्री जीप आणि ट्रक थांबले, भुश्शाच्या पोत्यांत चांदीच्या लगडी, आणि खाडीकडून यांत्रिक बोटीच्या इंजिनाचा आवाज. सत्र न्यायालय आणि हायकोर्टाने आरोपींना सोडलं. १९८० साली सुप्रीम कोर्टाने हा तस्करीचा प्रयत्नच ठरवला.

आडवाटा: भातवालाही नाक्यापर्यंत पोचलाच होता की! ‘मन बदललं असतं’ हे चांदीवाल्यालाही लागू होतं.

उंबरठा: होतं, म्हणूनच ती कसोटी मला लंगडी वाटते. चांदी उतरवायला सुरुवात झाली होती, बोट आली होती. निकाल त्यावर उभा आहे, मनावर नाही.

पाटीपेन्सिल: तरी मिरची पुडीचं कोडं राहिलंच. ती कुणाच्या घरी नसते?

उंबरठा: नुसत्या पुडीवर शिक्षा टिकत नाही. पाच जण रात्री तिथे कशासाठी जमले हे सिद्ध करावं लागतं, आणि बचावाचा वकील पंचनाम्याच्या पंचांना नेमकं तिथेच घेरतो.