१३ ऑगस्टचा फळा: अहिल्याबाईंची पुण्यतिथी तारखेने लिहावी की तिथीने?

प्रश्न: खडूफळा, इंदूर

नमस्कार. आमच्या वाचनालयाच्या दाराशी एक काळा फळा आहे आणि त्यावर रोज सकाळी दिनविशेष लिहिण्याचे काम काही महिन्यांपासून माझ्याकडे आले आहे. फळा लहान असल्यामुळे पाच ओळींपलीकडे मजकूर मावत नाही. त्यामुळे काय घ्यावे यापेक्षा काय वगळावे याचाच विचार अधिक करावा लागतो.

१३ ऑगस्टसाठी माझ्या वहीत पुढील नोंदी आहेत. १७९५ साली अहिल्याबाई होळकर यांचे निधन. १८९१ साली मणिपूरचे राजपुत्र टिकेंद्रजित यांना इंफाळ येथे फाशी. १८९८ साली आचार्य अत्रे यांचा जन्म. १९१० साली फ्लॉरेन्स नाइटिंगेल आणि १९३६ साली मादाम कामा यांचे निधन. १९६१ साली बर्लिनच्या भिंतीच्या बांधकामास प्रारंभ.

अडचण पहिल्याच नोंदीची आहे. आपल्या शहरात अहिल्याबाईंची पालखी निघते ती तिथीने, भाद्रपद कृष्ण चतुर्दशीला. सासूबाईंच्या खोलीतल्या मराठी कॅलेंडरात मात्र त्याच दिवसाच्या चौकटीत श्रावण वद्य चतुर्दशी छापलेली असते. मग १३ ऑगस्टला ‘पुण्यतिथी’ असे लिहिले, तर पालखीच्या दिवशी पुन्हा काय लिहायचे? आणि दोन महिन्यांपैकी खरा कोणता मानायचा? शिवाय मागे एकदा याच फळ्यावर १३ ऑगस्टला अत्र्यांची पुण्यतिथी लिहिली गेली होती आणि ती दिवसभर तशीच राहिली. तसे पुन्हा घडू नये, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

उत्तर १: निवृत्त शिक्षक, रामबाग

आपल्या शंकेतील महिन्याचा भाग प्रथम घेतो. दोन्ही पंचांगे बरोबर आहेत आणि दोन्ही एकाच दिवसाविषयी बोलत आहेत. महाराष्ट्रात महिना अमावास्येला संपतो, तर माळव्यासह उत्तरेकडे तो पौर्णिमेला संपतो. त्यामुळे शुक्ल पक्षात दोन्हीकडे महिन्याचे नाव एकच असते, परंतु कृष्ण पक्ष लागला की उत्तरेकडील पंचांग एका महिन्याने पुढचे नाव घेते. गोकुळाष्टमीचे उदाहरण तर आपल्या इंदुरात घरोघरी दिसते: मराठी घरात ती श्रावणातली आणि शेजारच्या हिंदी भाषक घरात भादव्यातली, पण पाळणा हलतो तो एकाच रात्री.

लक्षात ठेवण्याची सोपी खूण म्हणजे पोळा. श्रावणी अमावास्या, म्हणजे पिठोरी, आणि तिच्या लगतच्या आधीची तिथी ती अहिल्याबाईंची. पोळा २०२३ मध्ये १४ सप्टेंबरला, २०२४ मध्ये २ सप्टेंबरला आणि २०२५ मध्ये २२ ऑगस्टला आला. चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान असल्यामुळे तिथी दरवर्षी अशी मागे सरकते आणि अधिक मास आला की पुन्हा पुढे जाते. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ असल्याने पोळा परत सप्टेंबरात जातो. येथे एक सावधगिरी सांगतो. तिथी मध्यरात्री बदलत नाही, ती दिवसाच्या कोणत्याही प्रहरी बदलू शकते. २०२५ मध्ये पोळ्याच्या दिवशी सकाळी चतुर्दशीच होती आणि अमावास्या दुपारच्या सुमारास लागली. म्हणून ‘पोळ्याचा आदला दिवस’ असे डोळे झाकून धरू नये, पंचांग उघडून पाहावे.

उत्तर २: जुन्या वह्या

अत्र्यांच्या नोंदीत घोटाळा का होतो, ते एकदा ध्यानात आले की पुन्हा चूक होत नाही. त्यांचा जन्म १३ ऑगस्ट १८९८ चा आणि निधन १३ जून १९६९ चे. दोन्हीकडे तेरा आकडा असल्यामुळे घाईत लिहिणाऱ्याच्या हातून महिना बदलतो. अहिल्याबाईंचेही तसेच आहे: जन्म ३१ मे १७२५ चा आणि निधन १३ ऑगस्टचे, म्हणजे तेच दोन अंक उलटे. मी स्वतः ‘३१ ऑगस्ट’ असे लिहिलेले शुभेच्छापत्र पाहिले आहे. फळ्यावर लिहिण्यापूर्वी जन्म आणि मृत्यू या दोन्ही तारखा वहीत शेजारी शेजारी मांडाव्यात.

उत्तर ३: नर्मदाकाठ

मला मूळ प्रश्न शब्दाचा वाटतो. ‘पुण्यतिथी’ या शब्दातच तिथी आहे. आपण घरी वडिलांचे श्राद्ध तिथीला करतो आणि वर्तमानपत्रातील निवेदन तारखेला देतो. दोन्ही आठवणी खऱ्या असतात आणि त्यांची कोणी सरमिसळ करत नाही. तोच विवेक फळ्यावर ठेवावा. १३ ऑगस्टला ‘स्मृतिदिन’ किंवा सरळ ‘निधन’ लिहावे आणि ‘पुण्यतिथी’ हा शब्द चतुर्दशीसाठी राखून ठेवावा. पालखीच्या दिवशी तर पाचही ओळी त्यांनाच द्याव्यात.

एक विनंती आग्रहाने करतो. निधनाच्या नोंदीत ‘महेश्वर’ हे स्थळ वगळू नये. राजवाड्यासमोर त्यांचा पुतळा आहे, विमानतळाला आणि विद्यापीठाला त्यांचे नाव आहे, त्यामुळे येथील मुलांची अशी समजूत होते की त्या इंदुरातच राहून राज्य करत होत्या. वस्तुस्थिती अशी आहे की सासरे मल्हारराव १७६६ मध्ये आणि मुलगा मालेराव १७६७ मध्ये गेल्यानंतर ज्या बाईंनी जवळजवळ अठ्ठावीस वर्षे कारभार पाहिला, त्यांनी राजधानी नर्मदेकाठी महेश्वरला नेली आणि वयाच्या सत्तराव्या वर्षी देहही तेथेच ठेवला. एका शब्दाने ही सगळी कथा फळ्यावर येते.

बाकीच्या नोंदींपैकी मादाम कामांना जागा द्यावीच. १९०७ च्या ऑगस्टमध्ये श्टुटगार्टच्या आंतरराष्ट्रीय समाजवादी परिषदेत ज्यांनी भारताचा ध्वज फडकवला, त्या अनेक वर्षे युरोपात काढून १९३५ च्या अखेरीस मुंबईत परतल्या आणि पुढचा ऑगस्ट संपण्यापूर्वीच गेल्या. टिकेंद्रजितांचे नाव आपल्याकडे फारसे कोणी घेत नाही. मणिपुरात मात्र १३ ऑगस्ट हा देशभक्त दिन म्हणून पाळला जातो, म्हणून तीही ओळ ठेवावी. बर्लिनची भिंत वगळली तरी चालेल.

उत्तर ४: निवृत्त शिक्षक, रामबाग

वरील सूचनेस माझी पूर्ण संमती आहे. फक्त बर्लिनविषयी थोडा मतभेद नोंदवतो. १२ ऑगस्टच्या मध्यरात्रीनंतर काटेरी तारा ओढण्यास सुरुवात झाली आणि सकाळी उठलेल्या माणसांना आपल्याच शहराचा अर्धा भाग बंद झालेला दिसला. शाळेतून परतताना फळा वाचणाऱ्या मुलांना ही ओळ थांबवते, असा माझा अनुभव आहे.

प्रश्नकर्तीचे उत्तर: खडूफळा, इंदूर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. १३ ऑगस्टला पहिली ओळ ‘१७९५: अहिल्याबाई होळकर यांचे महेश्वर येथे निधन’ अशी लिहीन. पुढे टिकेंद्रजित, अत्रे, मादाम कामा आणि बर्लिन याच क्रमाने येतील. नाइटिंगेल यांची नोंद त्यांच्या जन्मदिवशी, १२ मे रोजी घेईन. पालखीच्या दिवशी फळ्याच्या डोक्यावर ‘श्रावण वद्य चतुर्दशी’ आणि त्याखाली ‘भाद्रपद कृष्ण चतुर्दशी’ अशा दोन्ही ओळी सारख्याच ठळक अक्षरांत लिहीन, कारण आमच्या दारावरून दोन्ही पंचांगांची माणसे जातात.