मदत हवी आहे: वृद्धाश्रमातल्या गाण्याच्या तासासाठी

नमस्कार मंडळी. पुण्याजवळच्या एका वृद्धाश्रमात मी दर गुरुवारी संध्याकाळी पेटी घेऊन जाते. वीसेक जण जमतात, बहुतेक ऐंशीच्या पुढचे. त्यातल्या एका आजींना स्मृतिभ्रंश आहे, लेकीचं नावही आठवत नाही. परवा गीतरामायणातलं पहिलं पद सुरू केलं, तर त्यांनी मांडीवर बोटांनी ताल धरला आणि पुढचं कडवं माझ्याआधी उचललं! १९५५ साली पुणे आकाशवाणीवरून गीतरामायण आठवड्याला एक पद असं लागायचं, तेव्हा त्या शाळेत होत्या. कोवळ्या वयात कानावर पडलेलं किती खोल रुजतं! तेव्हापासून प्रत्येकाला 'लहानपणी घरात काय गायचे?' असं विचारून वहीत लिहून ठेवते.

अडतंय ते पट्टीशी, म्हणजे गाण्याचा सा कुठल्या सुरावर धरायचा त्याशी. माझी काळी चार (पेटीवरच्या चौथ्या काळ्या पट्टीचा सूर) तिथल्या मंडळींना झेपत नाही. त्याहून खालच्या पांढरी चारवर उतरले की आज्या मोकळ्या होतात, आजोबा मात्र गप्पच. दोघांना जमेल अशी पट्टी तुम्ही कशी काढता?

श्रवणयंत्र लावणाऱ्यांना ढोलकीचा त्रास होतो, म्हणून सध्या नुसत्या टाळ्या आणि झांजा. दुसरं कुठलं मऊ आवाजाचं तालवाद्य चालेल का?

आणि वरच्या मजल्यावर तिघं अंथरुणाला खिळून आहेत. त्यांच्या उशाशी बसून काय आणि किती वेळ गावं? दमतील अशी भीती वाटते. कुणी असं काम केलं असेल तर कृपया सविस्तर सांगा.