अ‍ॅक्वापोरिन-४ निगेटिव्ह म्हणजे एमएसच, असं नाही

ताई, बहिणीचा डोळा अधू झाला आणि अ‍ॅक्वापोरिन-४ (एमएससारख्या दिसणाऱ्या एनएमओ या आजाराच्या अँटीबॉडीची तपासणी) निगेटिव्ह आला, म्हणून एमएसच (मल्टिपल स्क्लेरोसिस, मेंदू-मज्जारज्जूचा आजार) असं धरू नका. रिपोर्टवर 'मेथड'समोर काय छापलंय ते आधी बघा. एलायझा (कमी अचूक पद्धत) असेल तर सेल-बेस्ड अ‍ॅसेने (पेशींवर केलेली, जास्त अचूक तपासणी) पुन्हा करा, सोबत मॉग या दुसऱ्या अँटीबॉडीचीही तपासणी करा. नमुना सीरमचाच (रक्तातला द्रव भाग) द्या, पाठीच्या पाण्यात अ‍ॅक्वापोरिन बरेचदा सापडत नाही. प्लाझ्मा बदलण्याचा उपचार झाल्यावर किंवा स्टेरॉइड सुरू झाल्यावर रक्त काढलं असेल तर ३ ते ६ महिन्यांनी परत पाठवा. नाशिकहून नमुना मुंबईला जाणार असेल, तर कलेक्शन सेंटरवर पद्धतीचं नाव फॉर्मवर लिहूनच घ्या. मॉगचा टायटर (अँटीबॉडीचं प्रमाण) १:१०० च्या खाली आला तर जपून, एमएसमध्येही तसा कधीकधी दिसतो. इंटरफेरॉन, फिंगोलिमॉड ही एमएसची औषधं घाईने सुरू करू देऊ नका. एनएमओ निघाला तर त्यांनी आजार बळावतो.