आधी बाप्तिस्म्याच्या वहीचा समास बघा
चर्चच्या नोंदी ठेवायला कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं, या प्रश्नावर वर कुणीतरी चर्चसीआरएम सुचवलंय. ते फुकट आणि मुक्तस्रोत आहे हे खरं, पण ते बसवणारा आणि सांभाळणारा माणूस लागतो.

मी बोरिवलीत धर्मग्रामाच्या (पॅरिशच्या) ऑफिसात नोंदी बघते. आम्हां कॅथलिकांत लग्न झालं, की त्याची नोंद बाप्तिस्म्याच्या वहीत नावासमोर, समासात करावी लागते. लग्न दुसऱ्या चर्चमध्ये लागलं, तर तिथले फादर कळवतात. मी पाहिलेल्या दोन डेमोंत वर्गणी, हजेरी सगळं होतं, पण लग्नाच्या या नोंदीला जागाच नव्हती. मग बाप्तिस्म्याचा दाखला कशावरून द्यायचा? हे आधी विचारा.

आडनावांचंही तसंच. एकाच घराचं डिसोजा, डिसूझा, डिसोझा असं तीन वह्यांत तीन तऱ्हांनी लिहिलेलं असतं. शोध उच्चारावरून चालायला हवा. आणि सगळा डेटा एक्सेलमध्ये परत काढता येत नसेल, तर घेऊच नका.