उन्हाळ्यात जंगलातला मुक्काम : तुमचे अनुभव लिहा

मे महिना लागला की आमच्याकडे माळ्यावरचा तंबू खाली येतो. तुम्ही सह्याद्रीत, सातपुड्यात उन्हाळी रात्र काढली असेल तर सविस्तर लिहा, सुरुवात मी करते.

भंडारदऱ्याजवळ साम्रदला गेलो होतो, मे संपता संपता, काजवे बघायला. सोबत आठ वर्षांची लेक. तंबू एका मावशींच्या घरामागच्या वावरात ठोकला. संध्याकाळी जो काय वळीव आला, वीज कडाडायला लागली तशा मावशी स्वतः भिजत आल्या आणि म्हणाल्या, "पोरीला घेऊन आत या आधी, तंबू ऱ्हाऊ द्या तिथंच." चुलीपाशी बसून पिठलं-भाकरी खाल्ली. पाऊस थांबल्यावर ओढ्याकडे गेलो तर सादड्याचं अख्खं झाड एकदम पेटायचं, एकदम विझायचं, पुन्हा पेटायचं. लेक माझा हात घट्ट धरून उभी, एक शब्द नाही.

फक्त एका गोष्टीचं फार वाईट वाटलं. लोक गाड्यांचे हेडलाइट चालू ठेवून झाडाखाली जात होते. काजव्यांच्या माद्या खाली गवतात बसलेल्या असतात हो, त्या पायाखाली जातात आणि उजेडात त्यांना एकमेकांचे इशारे दिसत नाहीत. कृपा करून लांबून बघा.

*

आम्ही २०११ च्या मे मध्ये हरिश्चंद्रगड केला, पाचनईकडून. गड १४२४ मीटर, वाट सोपी, पण ऊन असं की माणशी दोन लिटर पाणी वर पोचेपर्यंतच संपत आलं, वर गाववाल्यांच्या झोपडीत ताक मिळालं, तीन-तीन ग्लास प्यायलो तेव्हा कुठे बोलायला लागलो. उन्हाळ्यात चार लिटरच्या खाली नेऊ नका. रात्री कोकणकड्यापासून बरंच मागे तंबू लावला तरी खालून येणारा वारा झोपू देईना. कातळात खुंट्या जात नाहीत, दोऱ्या दगडांना बांधाव्या लागतात हे तिथे कळलं.

*

राजमाचीला सकाळी माझ्या बुटात विंचू निघाला होता. बूट झटकल्याशिवाय पाय घालू नका, एवढंच.

*

मी मेळघाटात बुद्धपौर्णिमेला पाणवठ्याजवळच्या मचाणावर रात्र काढलीय, वनखात्याच्या निसर्गानुभवात. वाघ नाही दिसला. पण पहाटे तीनच्या सुमारास अस्वल आलं, पिल्लू पाठीवर, इतक्या शांतपणे पाणी पिऊन गेलं की आम्ही दोघं श्वास धरून बसलो होतो. मोबाईल बाहेर काढायची इच्छाच झाली नाही.

टॉर्च जंगलात वापरता का तुम्ही?

*

हो, पण लाल कागद लावून आणि जमिनीकडे धरून. लेकीने यंदाची टॉर्च आत्ताच तयार करून ठेवलीय. काल साम्रदला मावशींना फोन केला, म्हणाल्या एक वळीव झालाय, पुढच्या आठवड्यात या, करवंदं पण आहेत अजून.