बॅटरीसकट सोलर बसवलं तर सूर्यघरची सबसिडी मिळते का?

उन्हाळी_वारा
महावितरणचं घरगुती सिंगल फेज कनेक्शन, मंजूर भार २ किलोवॅट, वापर महिन्याला ३०० युनिटच्या आसपास. संध्याकाळी दोन-तीन तास लाइट जाते, म्हणून ३ किलोवॅट सोलरबरोबर ५ युनिटची लिथियम बॅटरी लावायचा विचार आहे. एक एजन्सी म्हणते, बॅटरी घेतली की सबसिडी गेली. दुसरी म्हणते, बॅटरीवरही सबसिडी काढून देतो. नक्की काय? शिवाय वीजबिल अजून दिवंगत वडिलांच्या नावावर आहे. ते आडवं येईल का?

छत_आणि_तार
दोघांचंही चूक, आणि दुसऱ्याचं जास्त महागात पडणारं. पीएम सूर्यघर योजनेतली मदत ग्रिडला जोडलेल्या सोलरच्या क्षमतेवर मिळते. पहिल्या २ किलोवॅटना प्रत्येकी ३०,०००, तिसऱ्याला १८,०००, म्हणजे ३ किलोवॅट आणि त्यापुढे कितीही लावलंत तरी ७८,००० रुपये. बॅटरीसाठी त्यात एक रुपया नाही. पण बॅटरी लावायला बंदीही नाही. हायब्रिड सिस्टिम (बॅटरी आणि ग्रिड दोन्हींना जोडलेली) नेट मीटरवर, म्हणजे घेतलेली आणि ग्रिडला दिलेली वीज दोन्ही मोजणाऱ्या मीटरवर, चालू झाली की पॅनेलपुरती सबसिडी येते. ग्रिडशी संबंधच न ठेवता पूर्ण ऑफ-ग्रिड केलंत तर मात्र काहीच हाती लागत नाही.

कोटेशनमध्ये बॅटरी वेगळ्या ओळीत लिहून घ्या: कंपनी, मॉडेल, व्होल्ट, अँपिअर-अवर, वॉरंटीची वर्षं. 'सबसिडी वजा जाता इतके' असा एकच गोल आकडा देणाऱ्यापासून लांब राहा. सबसिडी थेट ग्राहकाच्या खात्यात येते, त्यामुळे तोवरचे पैसे कोण घालणार हेही आधीच ठरवा.

आता क्षमतेची गोम. पॅनेलची एकूण क्षमता आणि इन्व्हर्टरची क्षमता, यातला लहान आकडा धरतात. ५४० वॅटची ५ पॅनेलं लावली तर २.७ किलोवॅट होतात, मग हायब्रिड इन्व्हर्टर ५ किलोवॅटचा असला तरी हिशोब २.७ चाच. सहावं पॅनेल लावलं की ३.२४ होतात आणि पूर्ण ७८,००० मध्ये बसता. बॅटरीला पैसे पुरावेत म्हणून एक पॅनेल कमी करणारे लोक इथे फसतात.

पॅनेल डीसीआरच हवीत, म्हणजे सेल आणि मॉड्यूल दोन्ही भारतात बनलेले. नुसतं 'मेड इन इंडिया' ऐकून गप्प बसू नका. सेल बाहेरून आणून इथे जोडलेली पॅनेलं स्वस्त मिळतात, पण सबसिडीला चालत नाहीत. छतावर चढवायच्या आधीच प्रत्येक पॅनेलच्या सिरीयल नंबरचा फोटो काढा आणि डीसीआर प्रमाणपत्रावरच्या यादीशी ताडून बघा. एकदा स्ट्रक्चरवर बसली की मागचं लेबल वाचायला मान वाकडी करावी लागते.

कागदपत्रवाला
नावाचं आधी उरका. महावितरणकडे वारसाहक्काने नावबदलाचा अर्ज करा, नवीन नावाचं बिल येऊ द्या, मगच योजनेच्या राष्ट्रीय पोर्टलवर ग्राहक क्रमांक टाकून नोंदणी करा. बिलावरचं नाव, अर्जदाराचं नाव आणि बँक खात्यावरचं नाव एकच हवं. सबसिडी अडकण्याचं सगळ्यात कंटाळवाणं कारण हेच असतं: एकीकडे मधलं नाव पूर्ण, दुसरीकडे नुसतं आद्याक्षर.

मंजूर भार २ किलोवॅट आहे म्हणून घाबरू नका. २०२४ च्या नियमदुरुस्तीनंतर १० किलोवॅटपर्यंतच्या अर्जाला तांत्रिक व्यवहार्यता तपासणी लागत नाही, आणि गरजेप्रमाणे भार वाढवून देणं हे वीज कंपनीचं काम आहे.

पुढचा क्रम असा: पोर्टलवर मंजुरी, नोंदणीकृत व्हेंडरची निवड आणि करार, बसवणं, नेट मीटरचा अर्ज, महावितरणची तपासणी, कमिशनिंग अहवाल (सिस्टिम चालू झाल्याचा दाखला), आणि शेवटी खात्याचा तपशील व रद्द केलेला चेक. 'आधी बसवू, अर्ज नंतर टाकू' म्हणणाऱ्याला नमस्कार करा.

डीबी_बॉक्स
सबसिडीचं वर आलंच, मी बॅटरीचं सांगतो.

साधा ग्रिड-टाय (फक्त ग्रिडच्या जोडीने चालणारा) इन्व्हर्टर लाइट गेली की मुद्दाम बंद पडतो, नाहीतर खांबावर काम करणाऱ्या लाइनमनला झटका बसेल. त्यामुळे ऊन असलं तरी घरात अंधार. लाइट गेल्यावर वीज हवी तर बॅकअप आउटपुट असलेला हायब्रिडच लागतो. आयएस १६२२१ (भाग २, इन्व्हर्टरची सुरक्षितता) आणि आयएस १६१६९ (लाइट गेली की ग्रिडला वीज देणं थांबवणं) ची प्रमाणपत्रं त्याच मॉडेलची मागा.

५ युनिटची म्हणतात ती बॅटरी म्हणजे ५१.२ व्होल्ट, १०० अँपिअर-अवर, ५.१२ युनिट. ८० टक्के वापरली आणि इन्व्हर्टरचा तोटा धरला तर हातात पावणेचारच्या आसपास उरतात. फ्रिज, चार पंखे, दिवे, राउटर, टीव्ही मिळून सरासरी ५०० वॅट धरले तरी तीन तास आरामात निघतात.

गीझर, एसी आणि पाण्याची मोटर बॅकअपवर घेऊ नका. १ एचपीची मोटर चालताना एक किलोवॅटच्या आसपासच घेत असली तरी सुरू होताना त्याच्या कित्येक पट करंट ओढते आणि इन्व्हर्टर ट्रिप होतो. बॅकअपच्या सर्किटांना वेगळा डीबी (एमसीबींचा वाटप बॉक्स) आणि वेगळा न्यूट्रल द्या. जुन्या घरांत सगळ्या खोल्यांचे न्यूट्रल एकत्र गुंफलेले असतात. ते तसेच ठेवले तर आरसीसीबी (वीजगळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) सारखा पडत राहतो आणि दोष बिचाऱ्या बॅटरीवर येतो. पॅनेलकडची डीसी बाजू, घराकडची एसी बाजू आणि लाइटनिंग अरेस्टर (वीजरोधक), तिन्हींचं अर्थिंग स्वतंत्र.

आणि बॅटरीने बिल कमी होईल ही आशा सोडा. जिथे नेट मीटरवर युनिटला युनिट जमा मिळतं, तिथे ग्रिडच तुमची फुकटची साठवण आहे. रोज बॅटरी भरून रिकामी केली तर दहा-पंधरा टक्के वीज वाटेतच जाते आणि बॅटरीच्या आयुष्यातल्या सायकलही (चार्ज-डिस्चार्जच्या फेऱ्या) खर्च होतात. सेटिंगमध्ये बॅटरी लाइट जाण्यापुरती राखून ठेवा.

उन्हाळी_वारा
नावबदलाचा अर्ज टाकतो. तोवर एक: आत्ता फक्त सोलर आणि पुढच्या वर्षी बॅटरी, असं केलं तर?

डीबी_बॉक्स
चालेल, पण हायब्रिड इन्व्हर्टर आत्ताच घ्या. नंतर इन्व्हर्टर बदलायचा म्हणजे नोंदवलेला मॉडेल आणि सिरीयल नंबर बदलतो, महावितरणला कळवावं लागतं, आणि जुना इन्व्हर्टर भंगाराच्या भावात जातो. घेताना तो ४८ व्होल्ट गटाचा आहे की हाय व्होल्टेज बॅटरीचा, आणि कुठल्या बॅटरीच्या बीएमएसशी (बॅटरीवर लक्ष ठेवणारं तिच्यातलं सर्किट) कॅन किंवा आरएस-४८५ या डेटा केबलवर बोलतो, त्याची कंपनीची यादी आजच घेऊन ठेवा. बीएमएसशी बोलणंच झालं नाही, तर इन्व्हर्टर नुसत्या व्होल्टेजवरून चार्ज किती उरला याचा अंदाज बांधतो. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीचं व्होल्टेज मधल्या टप्प्यात जवळपास सपाट असतं, त्यामुळे स्क्रीनवर ६० टक्के दिसत असताना बॅटरी अचानक बंद पडते.

छत_आणि_तार
बॅकअप डीबीचं वायरिंगही आत्ताच करून ठेवा. रंग दिल्यावर भिंत फोडायला घरात कोणी परवानगी देत नाही.